बर्फातलं मीठ

एका उन्हाळ्यात मी चांगली लस खराब केली. दोन बाटल्या. या माझ्या हातांनी. कोणी पकडलं नव्हतं, मीच सांगितलं होतं. आणि आता पुन्हा लिहून ठेवते आहे, कारण परवा आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरच्या निरोपाचा कार्यक्रम ठरवायला आरोग्य केंद्रातले नवे साहेब घरी आले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही पण दोन शब्द बोला. तांडा लसीला कसा तयार झाला ते सांगा. तेवढं मिठाचं मात्र राहू द्या. फ्रीज बिघडला होता म्हणा. ऐकायला बरं वाटतं."

फ्रीज बिघडला नव्हता. तो बिचारा बरोबर चालत होता. मी साहेबांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हटलं, "बाप्पा, मीठ काढून टाकलं तं माह्या गोष्टीत राह्यते काय?" ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते.

म्हातारी गंमत करत नाही. म्हणून वही काढली.

आमचा तांडा राळेगाव तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून आत. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरायचे. आता आम्ही एका जागी बसून कापूस, सोयाबीन, तूर पिकवतो. घरात आमची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि ऑफिसात गेलं की जी येईल ती. मी शाळेत दोनच वर्षं गेले. पुढचं वाचन एसटीच्या पाट्यांवर झालं, खताच्या पोत्यांवर झालं आणि औषधांच्या खोक्यांत घडी करून ठेवलेला कागद असतो ना, त्याच्यावर झालं. तो कागद लोक फेकून देतात. मी आणून गादीखाली ठेवायची. एकेक शब्द सिस्टरला विचारून विचारून तिला हैराण करायची.

नऊ वर्षं मी लसीची पेटी वाहिली. महिन्यातल्या ठरलेल्या बुधवारी सकाळी आरोग्य केंद्रात जायचं, निळी पेटी भरून घ्यायची, खांद्याला अडकवायची, एसटीने फाट्यावर उतरायचं आणि तिथून पायी तांड्यावर. सिस्टर तिच्या गाडीने मागून यायची, टोचायची. रिकामी पेटी घेऊन संध्याकाळी मी परत. कंडक्टर नेहमीचा.

"काय मावशी, कुल्फी काय भाव?"

"मांडी उघडी कर, टोचून सांगतो भाव."

अख्खी गाडी हसायची. आमच्या इकडे बायकाही 'सांगतो', 'येतो' म्हणतात, त्याचं कोणी हसू नये.

तर सुई. सुईचं मला भय नव्हतं. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे. लहानपणी दोघींनी धरलं होतं आणि तिसरीने टोचलं होतं. भय नव्हतं, पण एक गोष्ट डोक्यात बसत नव्हती. एक दिवस सिस्टर टोचून मोकळी झाली, हात धूत होती, तेव्हा मी विचारलं.

"सिस्टर, सुई ते सुई. मंग एक लस दंडाच्या कातड्यात, एक मांडीत खोल, आन एक तोंडात थेंब. एवढा घोळ कायले? साऱ्या एकाच जागी टोचा ना."

दुसरी कोणी असती तर 'तुला काय करायचं' म्हणाली असती. हिने हात पुसले, माझा हात ओढून घेतला आणि गोंदणावर बोट ठेवलं.

"हे किती वर्षांचं?"

"पन्नास झाले असन."

"इतक्या वर्षांत कितीदा अंघोळ केली?"

"म्हणजे काय, मी अंघोळ करत नाही का?"

"अगं, मग हे गेलं काहून नाही?"

मग तिने सांगितलं ते असं, की कातडीत पहारेकरी असतात, जागोजागी, डोळ्याला न दिसणारे. गोंदणारीने रंग आत सोडला तेव्हा ते धावून आले आणि त्यांनी तो गिळला. पचला नाही, म्हणून पोटात धरून बसले आहेत. एक मेला की रंग दुसऱ्याच्या हवाली करतो. माझ्या हातावरचा गोंदलेला विंचू म्हणजे पन्नास वर्षांची पहारेकऱ्यांची रांग आहे. असा दाट पहारा कातडीत असतो म्हणून क्षयाची लस वरवर, कातडीतच द्यायची. थोडीच पुरते.

आणि पोलिओ तोंडातून पोटात उतरतो, म्हणून थेंब तोंडात. आतड्याच्या दाराशीच पहारा बसवायचा. हातात टोचलं तर रक्तात बंदोबस्त होतो, पण त्या दाराशी तेवढा होत नाही.

"आन मांडीतली?"

"ती वेगळीच आहे," सिस्टर म्हणाली. मांडीतल्या लसीत जिवंत जंतू नसतोच. मेलेल्या जंतूचे तुकडे आणि मारून टाकलेलं विष. शरीराला अशा मेल्या गोष्टीची पर्वा नसते, आली तशी जाऊ देतं, काही शिकत नाही. म्हणून तिच्यात एक क्षार मिसळतात. ॲल्युमिनियमचा. आपल्या तुरटीच्याच घराण्यातला. लसीचे तुकडे त्याच्या बारीक कणांना चिकटून बसतात, आणि ते कण पहारेकऱ्यांना डिवचतात. उठा, पाहा, कोण आलंय. वरवर कातडीत दिली तर तिथेच गाठ धरते, चिघळते. मांडीच्या मांसात रक्त खेळतं, तिथे सोसते.

मी घरी येईपर्यंत याची माझी गोष्ट करून टाकली होती. आमच्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या म्होरक्याच्या, दाराशी नगारा असतो. तांड्यात कोणी चोरपावलांनी आलं तर कोणी उठत नाही. नगारा वाजला की म्हातारे, पोरं, बायका, सगळे बाहेर. लसीतला तो क्षार म्हणजे नगारा. नगारा नसेल तर पाहुणा येऊन गेला काय, न गेला काय.

हे मी तांड्यात घरोघर सांगत फिरले. कोणाला पटलं, कोणी म्हणालं, "हे पाह्य, पेटी वाहता वाहता डाक्टरीण झाली." म्हणोत. माझं घोडं अडलं होतं एका ओट्यावर, आणि तो ओटा माझ्या थोरल्या जावेचा.

माझी जाऊ म्हणजे नायकीण. माझा थोरला दीर तांड्याचा नायक, म्हणजे तांड्यात शब्द तिचा. ती बसली की सगळ्या बसतात, ती उठली की सगळ्या उठतात. तिला नातू झालेला. दवाखान्यात जन्मला तेव्हा दंडावर क्षयाची लस दिली होती. महिना-सव्वा महिन्याने तिथे फोड आला, फुटला, पाणी यायला लागलं. तसं ते यायलाच पाहिजे, पहारेकऱ्यांची झटापट ती. पण हिने त्यावर हळद थापली, बिब्ब्याचं तेल लावलं आणि फोडाचा झाला घाव. मग पदर खोचून ओट्यावर उभी.

"एका सुईनं हात पिकला, आता मांडी पिकवता का लेकराची? नाही येत जा."

तिच्यामागे आणखी चार बाळंतिणी. त्याही नाही म्हणाल्या.

तीन आठवडे मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. कधी तिचे कांदे निवडले, कधी नुसती बसले. आणि एका दुपारी जे बोलू नये ते बोलले. जावेचा पहिला मुलगा घटसर्पाने गेला होता. घशात पांढरा पडदा धरला, श्वास घेताना शीळ वाजायची. मी नवी नवरी होते तेव्हा. त्याला मांडीवर घेऊन ती रात्रभर बसली होती आणि मी तिच्यासमोर. त्यानंतर तिने त्याचा विषय कधी काढला नाही, आम्हीही नाही.

मी म्हटलं, "बाई, त्याच रोगाचा नगारा हाये या मांडीतल्या सुईत."

ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं आपलं येणं-जाणं. बऱ्याच वेळाने बाहेर आली, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "आणतो मी पोट्ट्याले. पण तुह्या भरवशावर. सरकारच्या नाही."

आता तो बुधवार सांगते.

मे महिना. आमच्या इकडचा मे ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगू, सकाळी आठालाच वारा चुलीसमोरून आल्यासारखा. केंद्रात पेटी भरायची एक पद्धत असते. बर्फाचे ते चपटे डबे, आइसपॅक, फ्रीजरमधून काढले की लगेच पेटीत घालायचे नाहीत. टेबलावर ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचं ऐकू आलं की मग घालायचे. मला हे कधीच आवडायचं नाही. मे महिन्यात कडक बर्फ हातात असताना तो वितळू द्यायचा? पण नियम आहे म्हणून गप बसायची.

त्या दिवशी गाडीचं टायर फाट्याच्या अलीकडे फुटलं. सावली एका बाभळीची, ती ड्रायव्हरने घेतली. तासभर झाला. मी पेटी मांडीवर घेऊन बसले, वरून ओला टॉवेल टाकला. मनात एकच, जाऊ बाळाला घेऊन ओट्यावर बसली असेल. आज लस उन्हाने गेली म्हणून सांगावं लागलं तर ती पुन्हा या जन्मी बसणार नाही.

उघडायचं नसतं तरी मी झाकण उघडलं. आइसपॅक डुचमळत होते. ते ठीकच होते, दिवसभर पुरले असते, हे आज कळतं. तेव्हा मला ते पाणी ऐकूनच धडकी भरली.

रस्त्याच्या पलीकडे रसवंती होती. मी गेले, बर्फ मागितला, फोडून पिशवीत भरून घेतला. आणि टेबलावर मिठाचा डबा होता, रसात टाकायला ठेवतात तो. माझा हात त्या डब्यात गेला.

याला कारण आहे. आमच्या तांड्यावर लग्नात हाताने फिरवायच्या यंत्रावर आइस्क्रीम करतात, आणि भोवतीच्या बर्फात मीठ घालायचं काम माझं. माझ्या हाताला माप आहे असं सगळे म्हणतात. मूठमूठ खडेमीठ घातल्याशिवाय आइस्क्रीम जमतच नाही. तेव्हा बर्फ आणि मीठ ही माझ्या हाताला जोडीच ठाऊक. मला वाटायचं, मीठ बर्फाला टिकवतं. मिठाच्या गोण्या वाहिलेल्यांची मी लेक, मिठाचं मला कोणी शिकवावं? दोन मुठी घातल्या, पिशवीला गाठ मारली आणि ती पेटीत बरोबर मधोमध, लसीच्या बाटल्यांना खेटून बसवली. वर समाधानाने झाकण लावलं.

मीठ बर्फाला टिकवत नाही. उलट लवकर वितळवतं, आणि वितळता वितळता तो साध्या बर्फाहूनही गार होतो. म्हणून तर आइस्क्रीम गोठतं. एवढी लग्नं केली, एवढं आइस्क्रीम केलं, पण ही गोष्ट हातातून डोक्यापर्यंत चढली नाही.

तांड्यावर पोचले तेव्हा नायकाच्या ओट्यावर साडीचा मांडव घातलेला. पाचही जणी बसलेल्या. जाऊ सगळ्यांत पुढे. मी आत जाऊन पेटी उघडली. मांडीतल्या लसीच्या दोन बाटल्या, दोन्हींत पांढरा खडा. आतला द्राव कुल्फीसारखा जमलेला. गोठलेली लस देऊ नये, हे माझ्याच गादीखालच्या कागदावर छापलेलं होतं.

मला कोणी पाहिलं नव्हतं. मी दोन्ही बाटल्या मुठीत घट्ट धरल्या. अंगात गरमी काय कमी होती? पाच-सात मिनिटांत पातळ झाल्या. पुन्हा तशाच, पाणी घातलेल्या दुधासारख्या. मी त्या पदराने पुसल्या आणि पेटीत ठेवल्या. हो, ठेवल्या. मिठाची पिशवी मोरीत रिकामी केली. खोटं कशाला लिहू.

सिस्टर आली. तिच्या मागे जीप आली, त्यात तेव्हाचे डॉक्टरसाहेब, नवे, पोरसवदा. पाहणीला आले होते. जीपमध्ये पुढच्या गावासाठी दुसरी पेटी होती. सिस्टरने माझ्या पेटीतून बाटली काढली, लेबल पाहिलं. लेबलवर एक छोटा गोल असतो, त्यात चौकोन. लसीला ऊन लागलं की चौकोन काळवंडत जातो. आमचा चौकोन पांढरा स्वच्छ.

"वा, एवढ्या उन्हात काय छान आणलीस," सिस्टर म्हणाली.

तिने सुईत लस भरली. जावेने दुपटं बाजूला केलं. बाळाची मांडी, वळ्या वळ्यांची. जाऊ वाकून त्याला म्हणाली, "भिऊ नको रे. तुही लहान आजी घेऊन आली हाये, परकं कोणी नाही."

"थांबा," मी म्हटलं.

सिस्टरचा हात तसाच राहिला.

"ती देऊ नका. ती गोठलती."

डॉक्टरांनी बाटली घेतली, उजेडात धरली. "पातळ तर आहे. चौकोनही चांगला आहे. द्या सिस्टर, उशीर होतोय."

"साहेब, चौकोन गरमीचं सांगते. गारठ्याचं त्याले कळत नाही."

"आजी, तुम्ही पेटी आणता की क्लास घेता?"

बायका हसल्या. माझे कान तापले. चुकले होते ते कबूल, पण ज्या गोष्टीत मी बरोबर होते तिच्यात मला कोणी हसून गप्प बसवणार नव्हतं. मी गेले, सिस्टरच्या ट्रेमधली उरलेली बाटली उचलली आणि मुठीत आवळली.

"क्लासच घेतो आता. तुमच्या जीपमधल्या पेटीतून अशीच एक बाटली काढा. याच खोक्यातली हाये, सकाळी सोबतच भरली. दोन्ही हलवून ठेवू. पाहा तुमच्या डोळ्यांनं."

"हे बघा..."

"सर," सिस्टर हळूच म्हणाली, "शंका आली तर हलवून बघायचं असतं. आपल्या पुस्तकातच आहे."

डॉक्टरांनी घाम पुसला. मग स्वतः जाऊन बाटली आणली, एवढं त्यांचं चांगलं. मी एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी, दोन्ही सारख्याच जोराने हलवल्या आणि ओट्याच्या कडेला शेजारी शेजारी ठेवल्या. सगळा तांडा गोळा झाला. म्हातारे काठी टेकून उभे. बाळं तेवढी रडत होती.

जीपमधली बाटली दुधासारखी तशीच राहिली. माझ्या बाटलीत थोड्याच वेळात कण फिरताना दिसायला लागले, कळणाकोंड्यासारखे. खाली बसायला लागले. वर निवळ पाणी चढायला लागलं. हे दृश्य आमच्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी हंड्यात भरून, तुरटी फिरवून, असंच रोज बघत बसतात त्या.

जाऊ वाकली. बराच वेळ पाहिलं. "फाटलं हे," ती म्हणाली. "दूध फाटते तसं."

"फाटलं. त्यातला क्षार गोठला, त्याचे गठ्ठे झाले. नगाऱ्याचं कातडं फाटलं, बाई. सुई टोचली असती, पोट्टं रडलं असतं, ताप बी आला असता, पण आत कोणी जागं झालं नसतं पुरतं. आन तुम्ही साऱ्या भरवशावर राह्यल्या असत्या."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आवाज आता मवाळ होता. "आजी, बरोबर आहे तुमचं. आता असं करा, पेटी जुनी आहे म्हणून सांगा. नाहीतर हे लोक पुन्हा यायचे नाहीत. मी जीपमधली लस देतो, तिकडच्या गावाला दुसरी मागवतो."

चांगला माणूस. पण मी जावेसमोर गेले आणि मोठ्याने सांगितलं, की सगळ्यांना ऐकू जावं. टायर फुटलं ते सांगितलं, रसवंती सांगितली, मीठ सांगितलं. मुठीत धरून वितळवलं, पदराने पुसलं, तेही सांगितलं.

जावेने दुपटं ओढून मांडी झाकली.

"म्हणजे तुले ठावं होतं. मी बसलो तवा."

"हो."

"आन पुसून ठेवली?"

"ठेवली."

"तुह्या भरवशावर आणलतं मी याले!" ती ओरडली. आयुष्यात ती माझ्यावर तशी ओरडली नव्हती. "सरकारच्या नाही, तुह्या! आइस्क्रीम करायले निघालती का लेकराचं?"

मी मान खाली नाही घातली एवढंच. तिच्याकडे पाहत उभी राहिले, म्हटलं बोल, तुझा हक्क आहे. ती उठली. तिच्यामागे चौघीही उठल्या. जीपमधली चांगली लस घ्यायला एकही थांबली नाही. मांडवात मी, सिस्टर, डॉक्टर आणि ओट्यावर त्या दोन बाटल्या.

पेटी माझ्याकडून काढून घेतली. घ्यायलाच पाहिजे होती. पुढचा महिनाभर जाऊ माझ्याशी बोलली नाही. हापशावर मी गेले की ती हंडा उचलायची. मी सिस्टरला जाऊन जाऊन विचारायची, उशीर झाला तर चालतं का, लस वाया जाते का. ती सांगायची, उशिरा दिली तरी चालते, न देण्याने लेकरू जातं. ते ऐकून मला बरंही वाटायचं आणि झोपही यायची नाही. घटसर्प काही बुधवार बघून येत नाही.

महिन्याने पेटी आली. केंद्रातला एक माणूस मोटरसायकलवर घेऊन आला, मागोमाग सिस्टर तिच्या गाडीने. मी आपल्या दारात तूर पाखडत बसले होते. माझ्या दारातून नायकाचा ओटा दिसतो. ओटा रिकामा. मला हात चालवता येईना.

मग जाऊ बाहेर आली. एकटी, बाळाला कडेवर घेऊन. ओट्यावर बसली नाही, सरळ पेटीपाशी गेली.

"बाटली दे," ती त्या माणसाला म्हणाली.

"बाई, तुम्हाला कशाला?"

"दे म्हणलं ना."

त्याने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने काढून दिली. जावेने बाळ दुसऱ्या कडेला घेतलं, बाटली हलवली, चांगली दणकून, आणि ओट्याच्या कडेला ठेवली. समोर मांडी घालून बसली.

"बाई, आम्हाला आणखी दोन गावं आहेत," तो माणूस म्हणाला.

"असतीन. हिच्यात मीठ टाकलं का तुम्ही?"

"मीठ? नाही बा. मीठ कायले टाकू?"

"टाकलं असतं तं सांगितलं असतं?"

तो गडबडला. जाऊ त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग तिथूनच, सगळ्या तांड्याला ऐकू जाईल अशी, हाक मारली. मला. महिन्यानंतर पहिल्यांदा.

"ये इकडे! तूर पळून नाही जात. पाह्य हे फाटलं का नाही, तुले समजते."

मी सूप टाकून गेले. आम्ही दोघी बाटलीसमोर बसलो, खांद्याला खांदा. सिस्टरने घड्याळ लावलं. हळूहळू त्या चौघीही आल्या, लेकरं घेऊन, मागे उभ्या राहिल्या. ती बाटली दुधासारखी तशीच होती. खाली काही बसलं नाही, वर काही निवळलं नाही.

"नाही फाटलं," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

मग तिने बाळाची मांडी उघडी केली. टोचताना तो असा रडला की कुत्री भुंकायला लागली. चौघींच्याही लेकरांना दिली. दुपारी मी जावेकडे गेले तर ती तव्यावर फडकं तापवत होती. टोचल्या जागी सुपारीएवढी गाठ आली होती, गरम लागत होती.

"शेकू नको, बाई," मी म्हटलं. "बिब्बा बी नाही आन हळद बी नाही. राहू दे."

"तापली हाये न व जागा."

"तापनच. नगारा वाजून राह्यला."

तिने फडकं खाली ठेवलं. गाठीवर बोट ठेवून बसली, जणू ऐकू येतंय.

तेव्हापासून आमच्या तांड्यात पद्धतच पडली. लस आली की पहिली बाटली नायकाच्या ओट्यावर, हलवून. जाऊ समोर बसणार. ती हो म्हणेपर्यंत कोणी मांडी उघडत नाही. नवा कोणी आला की कुरकुरतो, वेळ जातो म्हणतो. जाऊ म्हणते, "वेळ आमचा बी जाते." दोन-तीन महिन्यांनी पेटीही माझ्याकडे परत आली. मागितली नव्हती मी. जावेने डॉक्टरांना सांगितलं होतं, आमची पेटी तिच्याच खांद्यावर येईल, नाहीतर जशी आली तशी परत न्या. डॉक्टर म्हणाले, पण त्यांनीच तर मागे खराब केली. जाऊ म्हणाली, "म्हणूनच तं."

तो नातू आता शाळेत जातो. माझ्या हातावरच्या विंचवाचे ठिपके मोजतो आणि विचारतो, यात किती पहारेकरी आहेत.

तर साहेब, कार्यक्रमात मी बोलीन. दोन शब्द म्हणता, चार होतील. माईक माझ्या हातात दिलात तर पहिला शब्द मीठच येईल. आणि काढून घ्याल, तर पुढच्या रांगेत माझी जाऊ बसलेली असेल. तिचा आवाज माईकवाचून पोचतो.